आजार श्रावणात, चुकारा दिवाळीनंतर

विदर्भातल्या कोरडवाहू घराचा वर्षाचा हिशेब मांडायचा तर दोन रकाने पुरतात. पहिल्यात पैसा कधी येतो ते लिहायचं, दुसऱ्यात आजार कधी येतो ते.

पहिला रकाना असा. मृगाच्या आधी पीककर्ज, ते नाही मिळालं तर कृषी केंद्राची उधारी. तो पैसा बियाण्यात आणि खतात जातो. पावसानं ओढ दिली आणि दुबार पेरणी आली की दोनदा जातो. श्रावण-भाद्रपद म्हणजे निंदण, डवरणी, फवारणी. वावरात नुसतं घालायचं, वावरातून काही निघत नाही. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे येतं. कापसाची सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, दिवाळीच्या सुमारास होते आणि चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, हाती पडेतो कार्तिक सरत आलेला असतो. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात रोवणीचा खर्च आषाढात आणि धानाचा पैसा थंडीत. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांचं जरा निराळं आहे. तिथं उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची मजुरी हातात येते, पण पावसाळा अर्ध्यावर येईपर्यंत तीही उडालेली असते.

आता दुसरा रकाना. जुलैपासून हगवण, कावीळ, मलेरिया, डेंग्यू. पाऊस ओसरायला लागला की स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किडीच्या चाव्यानं येणारा ताप. पेरणीपासून कापणीपर्यंत सर्पदंश. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीची विषबाधा. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. बाळंतपणं आणि रक्तदाब-शुगर बारमाही, पण रस्त्यात पाणी आलं की त्यांचाही खर्च पावसाळ्यातच वाढतो.

हे दोन रकाने शेजारी ठेवले की सार्वजनिक आरोग्याच्या पैशाबद्दलचा निम्मा वाद निकाली निघतो, असं मला वाटतं. सरकारी दवाखान्यात फी घ्यावी की नाही, घेतली तर किती, गरिबाला सूट कशी द्यावी, यावर ढीगभर अहवाल आहेत. पैसे कधी मागायचे, यावर मात्र फार कमी लिहिलं गेलं. जानेवारीतले दोनशे रुपये आणि ऑगस्टमधले दोनशे रुपये ही एकच रक्कम नव्हे. ऑगस्टमधल्या दोनशेला व्याज असतं, नाहीतर त्यापायी शेळी निघते, नाहीतर कापूस वेचायच्या आधीच खेडा खरेदीवाल्याला पडत्या भावानं बोलून ठेवावा लागतो.

भारतात ही गोष्ट फार आधी लिहून ठेवलेली होती. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीनं १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा उपचारावाचून राहू नये, हा त्यातला पायाचा विचार. पुढे सगळ्यांना प्राथमिक आरोग्यसेवा मागणारी १९७८ ची अल्मा-आता परिषद त्याच वाटेची. मग ऐंशीचं दशक आलं. कर्जात बुडालेली आफ्रिकी सरकारं, रिकामी औषधांची कपाटं, आणि १९८७ साली एकाच वेळी दोन उपाय पुढे आले. जागतिक बँकेनं सांगितलं की सेवा वापरणाऱ्याकडून शुल्क घ्या. त्याच वर्षी मालीची राजधानी बामाको इथं युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं आफ्रिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी ठरवलं की गावपातळीवर औषधं विकायची, आलेल्या पैशातून पुन्हा औषधं घ्यायची, आणि उरलेल्यातून दवाखाना चालवायचा. बचत गटाच्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही; फिरता निधी म्हणतात तो हाच.

फिरता निधी का अडतो, हे आकड्यांत पाहू. समजा दवाखान्यानं १०,००० रुपयांची औषधं घेतली आणि ३० टक्के चढवून विकायची ठरवली. सगळी विकली गेली तर १३,००० येतील. पण शंभरातली दहा औषधं मुदत संपून फेकली जातात आणि पंधरा औषधं अशा माणसाला द्यावी लागतात ज्याच्याकडे खरंच काही नाही. उरली पंच्याहत्तर. त्यांचे झाले ९,७५०. पुढच्या खेपेला भाव फक्त दहा टक्क्यांनी वाढले तरी तेवढ्या पैशात आधीच्या नव्वद टक्केसुद्धा औषध येत नाही. दोन-तीन फेऱ्यांत कपाट पुन्हा रिकामं. पश्चिम आफ्रिकेत तर जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँक या तिथल्या अनेक देशांच्या सामायिक चलनाचं मूल्य एका झटक्यात निम्म्यावर आणलं गेलं. औषधं आयातीची, वसुली स्थानिक नाण्यात. बेनिनसारख्या ठिकाणी, जिथं हिशेब नेटका ठेवला होता, तिथंसुद्धा हा धक्का पेलणं सोपं नव्हतं.

आणि फी लावून मिळतं किती? ज्या देशांचे हिशेब तपासले गेले तिथं वसुली चालू खर्चाच्या सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास राहिली, तीही पावती फाडणाऱ्याचा पगार न वजा करता. या पाच टक्क्यांसाठी किती माणसं दारातून परत गेली ते मोजायला केनियातलं बुसिया उपयोगी पडतं. तिथं शाळेतल्या मुलांना जंताच्या गोळ्या फुकट होत्या तेव्हा चारातली तीन मुलं गोळी घेत. थोडीशी फी लावली, आणि पाचातलं एकसुद्धा धड उरलं नाही. जंत काही एकट्या मुलाचे नसतात. शेजारच्या घरानं गोळी घेतली नाही तर आपल्याही अंगणात ते परत येतात. त्यामुळे जंत, मलेरिया, टीबी, लसीकरण यांवर कसलीही फी लावणं म्हणजे पाच रुपये वाचवून पन्नासचं नुकसान करून घेणं.

गरिबांना सूट देऊन फी घेता येईल, असा युक्तिवाद असतो. कागदावर तो बरोबर आहे. पण सूट मिळवायला दाखला लागतो, दाखल्याला सरपंच नाहीतर तलाठी गाठावा लागतो, तो त्या दिवशी तालुक्याला गेलेला असतो. ताप चढलेल्या पोराला घेऊन बसलेल्या बाईला ही सूट फीपेक्षा महाग पडते. शिवाय सूट देणाऱ्या दवाखान्याला त्या सुटीची भरपाई कुठूनच मिळत नाही, म्हणून तोही ती हात आखडूनच देतो.

आपल्याकडे फीची गोष्ट इंदूरहून सुरू झाली. १९९४ मध्ये सुरतच्या प्लेगनं देश हादरला. तेव्हा इंदूरचं महाराजा यशवंतराव रुग्णालय उंदरांनी पोखरलेलं होतं. रुग्ण हलवून, उंदीर मारून, ते धुऊन काढलं गेलं, आणि मग ते तसंच ठेवायचं कसं या प्रश्नातून रोगी कल्याण समिती निघाली. तिथं नवं काही होतं तर हे की रुग्णांकडून आलेला पैसा सरकारी तिजोरीत न जाता रुग्णालयातच राहू लागला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं ही कल्पना देशभर नेली आणि आपल्याकडे ती रुग्ण कल्याण समिती झाली. फरक एवढाच की आता समितीला वरूनही निधी येऊ लागला. सुरुवातीचे ठरलेले आकडे असे होते: उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपये अबंधित निधी, प्राथमिक आरोग्य केंद्राला २५,००० अबंधित, ५०,००० देखभालीचे आणि एक लाख समितीचे, म्हणजे एकूण पावणेदोन लाख, गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला १०,०००. साध्या भागात ३०,००० आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष धरला तर माणशी वर्षाला सहा ते नऊ रुपये. रक्कम लहान आहे, पण वरची परवानगी न मागता खर्च करता येणारी दवाखान्यातली रक्कम तेवढीच. ती नेमकी केव्हा हातात येते ते पुढे पाहू.

महाराष्ट्रानं १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्या-उपचारांपर्यंत सारं मोफत केलं. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय, अमरावतीचं सुपर स्पेशालिटी हे सगळे त्यात आले. नागपूर, यवतमाळ, अकोल्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं मात्र दुसऱ्या खात्याकडे, वैद्यकीय शिक्षणाकडे आहेत, आणि हा निर्णय त्यांना लागू नव्हता. गावातल्या माणसाला दोन्ही इमारतींवर सरकारी पाटीच दिसते. ग्रामीण रुग्णालयातून रेफर होऊन मेडिकलला पोचल्यावर खिडकीवर पुन्हा पैसे का मागतात, हे त्याला कोणी सांगत नाही.

निर्णय चांगला आहे, यात मला शंका नाही. पण युगांडाचं उदाहरण इथं आठवायला हवं. मार्च २००१ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, तिथल्या सरकारी दवाखान्यांतली फी रद्द झाली. गरीब माणसं लोटली. हा मोठाच फायदा होता. पण रुग्ण वाढले त्या मानानं औषधं वाढली नाहीत, कपाटं रिकामी पडू लागली, आणि पुढच्या पाहणीत दिसलं की अतिगरीब घरांवर कोसळणारा मोठा आरोग्यखर्च काही कमी झालेला नव्हता. पैसे खिडकीवर द्यायचे बंद झाले आणि औषधांच्या दुकानात द्यायचे सुरू झाले.

आपल्याकडची ‘बाहेरची चिठ्ठी’ हीच आहे. दवाखान्यात गोळी नाही, म्हणून कागदाच्या तुकड्यावर नाव लिहून मिळतं. दुकानात ब्रँडची गोळी मिळते, तीच दवाखान्याच्या खरेदीच्या दरापेक्षा कितीतरी पट महाग. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी उपचाराच्या वेळी थेट खिशातून दिला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे घसरण मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे हा वाटा १५ ते २० टक्क्यांच्या खाली आला की घरं आजारपणानं कंगाल होणं जवळपास थांबतं. आपण त्याच्या दुपटीला आहोत, आणि त्या खर्चात औषधांचा भाग जबर आहे.

औषधाशिवायचा खर्च कोणत्याच पावतीवर नसतो. समजा वेचणीचा भाव किलोला १० रुपये आहे आणि बाई दिवसाला ४० किलो वेचते. ती नवऱ्याला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेली की तिचे ४०० बुडाले, त्याची मजुरी बुडाली, दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि चहा-फराळ वेगळा. ‘मोफत’ ओपीडीची एक खेप सातशे-आठशेला पडते. मेळघाटासारख्या भागात कुपोषित मुलासोबत दवाखान्यात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद झाली ती यासाठीच. नाहीतर आई दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन निघून जाते, आणि तिला दोष देण्यात अर्थ नसतो. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषणचे महिना ५०० रुपये एप्रिल २०१८ पासून आणि १,००० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून मिळतात, त्यामागेही हाच विचार. जाता जाता एक सांगायचं तर मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्याआधी पंचाहत्तरीपुढच्यांना पूर्ण माफ, या दोन निर्णयांना कोणी आरोग्य योजना म्हणत नाही. पण खेड्यातून तालुक्याच्या दवाखान्याचं अंतर त्यांनी जितकं कमी केलं तितकं कमी करणाऱ्या आरोग्य योजना थोड्याच. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांनाही एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. ती घ्यायला जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि तिथवरची पहिली खेप तिकीट काढूनच करावी लागते.

बाळंतपणाच्या बाबतीत २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं पुष्कळ नेमकेपणा आणला. घरून दवाखान्यात, दवाखान्यातून वरच्या दवाखान्यात आणि परत घरी अशी तिन्ही वाहनं फुकट. औषधं, रक्त, तपासण्या फुकट. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस जेवण. यातलं आधी काय गळतं? परतीचं वाहन. जाताना निकड असते म्हणून १०२ क्रमांकाची सरकारी रुग्णवाहिका येते. परतताना निकड नसते, गाडी दुसऱ्या केसला गेलेली असते, आणि टाके पडलेली बाई काळीपिवळीच्या मागच्या बाकावर बसून घरी जाते.

मोठ्या आजारांसाठी कार्ड आहे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना, त्या आठांत विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती. नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर, २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावानं, आणि २०२० पासून आयुष्मान भारतशी जोडलेली. कुटुंबामागं वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते आता पाच लाख झालं. पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत आणि वर्ध्यात, शेतकरी आत्महत्यांमुळे, पांढरं रेशनकार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही ती आधीपासून लागू होती.

तिची वाट अशी असते. रुग्ण अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयात जातो, तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र देतो, नोंदणी होते, डॉक्टरची चिठ्ठी आणि तपासण्या जोडून पूर्वमंजुरी मागितली जाते, मंजुरी आली की शस्त्रक्रिया, सुट्टी देताना दहा दिवसांची औषधं आणि परतीचं भाडं. अडतं ते नेहमी त्याच त्या जागी. रेशनकार्डावर ‘शांताबाई’, आधारवर ‘शांता’. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डात. आठ दिवसांच्या बाळाचं नाव कुठेच नाही. मजुरी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या, म्हणून अंगठा उमटत नाही. आणि सगळ्यांत महागडी जागा म्हणजे मंजुरीच्या आधीचे दोन दिवस: त्या वेळच्या तपासण्यांचे पैसे रुग्णाकडून घेतले जातात, नंतर ते पॅकेजमध्ये धरले गेले तरी परत मिळत नाहीत, कारण पावतीच दिलेली नसते. अशा वेळी १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते. रुग्ण खाटेवर असतानाच करावी, सुट्टी झाल्यावर तिच्यात दम राहत नाही. पावती मात्र पहिल्या दिवसापासून मागायची.

कार्डाची खरी मर्यादा वेगळीच आहे. ते दाखल झालेल्या माणसासाठी आहे. ओपीडी त्यात नाही. श्रावणातला ताप, महिन्याची रक्तदाबाची गोळी, सिकलसेलच्या रुग्णाची रोजची हायड्रॉक्सीयुरिया हे सगळं कार्डाबाहेर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटावर अवलंबून. भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचा केंद्राचा उपक्रम सुरुवातीच्या टप्प्यातच आला. त्यातली कळीची गोष्ट काही मोठी नव्हती: औषधांचा क्रम ठरलेला, आणि गोळ्या एकदम तीस दिवसांच्या द्यायच्या. दहा दिवसांच्या दिल्या की महिन्यात तीन मजुऱ्या बुडतात, आणि तिसऱ्या खेपेला माणूस येत नाही. पुढे तोच माणूस लकव्यानं दाखल होतो, तेव्हा कार्ड लागू होतं.

पैसे कधी घ्यायचे, या प्रश्नाचं सगळ्यांत सरळ उत्तर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामनं दिलं होतं. कस्तुरबा रुग्णालय, त्याला जोडून १९६९ मध्ये सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय, आणि तिथं डॉ. उल्हास जाजू व सहकाऱ्यांनी आजूबाजूच्या गावांत उभी केलेली ज्वारीच्या वर्गणीची आरोग्य विमा योजना. वर्षातून एकदाच वर्गणी द्यायची, ज्वारी काढणीच्या दिवसांत, आणि ज्वारीच द्यायची. भूमिहीनाला थोडी, शेती असलेल्याला एकराच्या मानानं जास्त. खळ्यावर रास पडलेली असताना त्यातली काही वेगळी काढणं कोणालाच जड जात नाही. देवाची, बलुत्याची अशीच काढली जायची. गावातली साधारण पाऊण घरं यायला तयार असतील, त्यात गरीब घरंही असतील, तरच गाव योजनेत घ्यायचं. या अटीमागे साधं गणित आहे. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे तोच वर्गणी देतो, धडधाकट घर थांबून पाहतं. मग थोड्यांची वर्गणी आणि सगळी बिलं अशी गाठ पडते आणि निधी पहिल्याच वर्षी आटतो.

त्या ज्वारीतून गावातल्या आरोग्यसेवकाचं मानधन आणि प्राथमिक औषधं निघत. आणि सभासदाला रुग्णालयात काय मिळे, यात फार विचार होता. अचानक आलेला आजार असेल तर दाखल होऊन उपचार मोफत. आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे साधं बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया, असेल तर बिलाचा काही भाग द्यायचा. नऊ महिने आधी माहीत असलेल्या खर्चाची तजवीज घर करू शकतं, तापाची करू शकत नाही. फी घ्यायचीच असेल तर ती कुठे सोसते, याचं यापेक्षा नेमकं उत्तर मी वाचलेलं नाही.

पण ज्वारीवर रुग्णालय चालत नव्हतं, हेही तितकंच खरं. संस्थेच्या खर्चातला निम्मा भाग केंद्र सरकार, पाव राज्य सरकार आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटी अशी वाटणी होती. गावाच्या वर्गणीनं मोठी शस्त्रक्रिया पेलत नाही, कारण गाव फार लहान असतं. अडीचशे घरांनी तीनशे रुपये काढले तर ७५,००० होतात. एका अपघातात ते संपतात. जोखीम वाटून घ्यायला जिल्हा, खरं तर राज्य लागतं. ज्वारीनं जे विकत घेतलं ते वेगळं होतं: गावाला विचारण्याचा हक्क. आमची बाई दोन तास बाकावर का बसली, हे ग्रामसभेत विचारता येऊ लागलं, कारण वर्गणी दिलेली होती. पुढे ज्वारीचा पेरा घटला, सोयाबीन पसरलं, आणि वर्गणी धान्यात गोळा करण्याची सोय मागे पडत गेली.

थायलंडनं २००१-०२ मध्ये जे केलं ते एका अर्थानं हेच, फक्त अख्ख्या देशाच्या आवाक्यानं. वर्गणीच्या जागी कर. रुग्णाकडून दर खेपेला ३० बाथ, आणि गरिबांना तेही माफ. तालुक्याच्या रुग्णालयाला आपल्या हद्दीतल्या माणशी वर्षाची ठरावीक रक्कम आधीच द्यायची. पहिल्या वर्षी ती १,२०२ बाथ होती. माणूस आजारी पडो न पडो, पैसा दवाखान्यात आधी पोचतो. आपल्याकडे विम्याचा दावा शस्त्रक्रियेनंतर पोचतो, म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाला पैसा मिळतो आणि लकवा टाळणाऱ्या आरोग्य केंद्राला काहीच मिळत नाही. थायलंडला हे जमलं कारण त्याआधीची वीसेक वर्षं त्यांनी ग्रामीण भागात रुग्णालयं बांधली आणि तिथं डॉक्टर टिकवले. नुसता निधीचा नियम उचलून आणला तर ३० खाटांच्या पण भूलतज्ज्ञ नसलेल्या ग्रामीण रुग्णालयात तो पैसा पडून राहील.

आता सरकारचे रकाने. तेही शेतकऱ्याच्या घरासारखेच उलटे आहेत. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पण केंद्राचा हप्ता राज्यात, राज्याचा जिल्ह्यात आणि जिल्ह्याचा दवाखान्यात उतरेपर्यंत पावसाळा निघून जातो. मोठा हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं. मार्चमध्ये आरोग्य केंद्राला काय लागतं? फारसं काही नाही. मग रंगरंगोटी होते, खुर्च्या येतात, फ्लेक्स लागतात. यात दरवेळी चोरी असते असं नाही. पैसा ज्या महिन्यात आला त्या महिन्यात जे घेता येतं ते घेतलं जातं. २०२१ पासून एकाच मुख्य खात्यातून खर्चाची पद्धत आल्यावर खालच्या खात्यात शिल्लकही राहत नाही, वरून फक्त मर्यादा येते. पूर्वी एखादा जाणता वैद्यकीय अधिकारी मागच्या वर्षीचे चाळीस हजार जपून ठेवून जुलैत वापरायचा, ती वाटही अरुंद झाली.

औषधांच्या साठ्याचं गणितही वार्षिक सरासरीनं केलं की फसतं. सर्पदंशाची लस, म्हणजे विषावरचा उतारा, घ्या. पहिला डोसच ८ ते १० कुप्यांचा. घोणस चावली असेल तर २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर विष भिनलंय. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणानं धुतलेली असली तर ही तपासणी खोटं बोलते. सहा तासांनी पुन्हा पाहून रक्त गोठत नसेल तर आणखी कुप्या. एका रुग्णाला वीसपर्यंत सहज जातात. म्हणजे संगणकावर ‘शिल्लक ६’ दिसणारं केंद्र तक्त्यात हिरवं असतं आणि प्रत्यक्षात त्याच्याकडे एकही डोस नसतो. साठा कुप्यांत नव्हे, रुग्णांत मोजायला हवा. पावडरची लस घ्यावी. द्रव लसीला २ ते ८ अंशांचा फ्रीज लागतो आणि आषाढातल्या वादळात वीज दोन-दोन दिवस नसते.

फवारणीच्या विषबाधेवरचं औषध ॲट्रोपीन तर अगदी स्वस्त. पण कुपी ०.६ मिलिग्रॅमची, सुरुवात ५ कुप्यांनी, आणि छातीतला घरघर आवाज जाईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट. ५, १०, २०, ४०: पाव तासात पंच्याहत्तर कुप्या. वर्षाला शंभर कुप्या पुरतात असा सरासरीचा हिशेब केलेल्या केंद्रात दुसऱ्या रुग्णासाठी पंचवीस उरतात, आणि फवारणीच्या दिवसांत रुग्ण एकेकटे येत नाहीत.

म्हणून रुग्ण कल्याण समितीची वर्षातली महत्त्वाची बैठक मे महिन्यात व्हायला हवी, मार्चमध्ये नव्हे. अजेंडा एक पानाचा पुरतो. मागच्या तीन पावसाळ्यांतले सर्पदंश, विषबाधा आणि मलेरियाचे महिनेवार आकडे आंतररुग्ण नोंदवहीतून काढायचे, सर्वांत वाईट महिना धरून मागणी लावायची, आणि जवळच्या कोणत्या केंद्राकडून उसनं घेता येईल ते फोन नंबरांसह लिहून ठेवायचं. स्थानिक खरेदीसाठी तीन दरपत्रकं लागतात. ती मे महिन्यातच घेऊन, दर मंजूर करून, फाइलला लावून ठेवली तर ऑगस्टमध्ये रात्री अकरा वाजता दुकानदाराला फक्त फोन करावा लागतो. बिलाचे पैसे त्याला दिवाळीनंतर मिळतील, आणि गावात उधारी तशीच चालते हे त्यालाही ठाऊक असतं.